सहा क्रमांकाची मोटार कोणाची?

नागपूरच्या महालात एखादा जुना वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. पितळी भांड्यांना गिऱ्हाईक मिळते, सागवानी खांबांना त्याहून चांगले मिळते; छायाचित्रांचा गठ्ठा मात्र रद्दीबरोबर तोलला जातो. अशा गठ्ठ्यात कधी मोटारीचे एखादे छायाचित्र निघते. टप नाही, दारे नाहीत, पुढे लांबलचक बॉनेट आणि चाकावर ओणवा झालेला कोणी टोपीवाला. घरात लगेच एकमत होते : आजोबांची रेसची मोटार! पाठीवर कोणीतरी पुढे केव्हातरी शाईने तेवढेच लिहून ठेवलेले असते, आणि नंतरच्या पिढीसाठी तो लेखी पुरावा ठरतो.

अशा वेळी जगातल्या एका फार नावाजलेल्या शर्यतीच्या छायाचित्राची हकिकत आठवणे उपयोगाचे आहे. या छायाचित्रावर कितीतरी पुस्तकांतून लिहिले गेले, मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर ते लागले, आणि तरीही कित्येक वर्षे त्याखाली साल चुकीचे होते, गाव चुकीचे होते, मोटारीचे नावही चुकीचे होते.

छायाचित्र टिपणारा होता झाक आंरी लार्तीग. जन्म १८९४ चा, पॅरिसजवळच्या एका श्रीमंत घरातला. वडिलांमुळे अगदी लहानपणी त्याच्या हाती कॅमेरा आला. विमाने, मोटारी, उड्या मारणारी भावंडे, वेगाने जे जे हलते ते टिपण्याचा त्याला नाद होता. पुढे त्याने स्वतःला चित्रकार म्हणवून घेतले, छायाचित्रे वह्यांतून चिकटवून ठेवली आणि जगाला त्यांचा पत्ता नव्हता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन झारकोव्स्की यांनी त्याच्या बालपणीच्या आणि तरुणपणीच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा लार्तीग एकोणसत्तर वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. तो अंक राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा. साहजिकच तो घरोघरी गेला, जपून ठेवला गेला, आणि त्याच्याबरोबर लार्तीगही जगभर पोहोचला.

त्या छायाचित्रांत एक विलक्षण होते. शर्यतीची मोटार डावीकडून उजवीकडे सुसाट निघालेली. तिचे मागचे चाक वर्तुळ राहिलेले नाही. ते लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, जणू धावणारा माणूस अंग पुढे टाकतो तसे. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब उलट मागे कललेले. मोटारीवर ठळक ६ हा आकडा. आणि गंमत अशी की मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. जुन्या मोटारीची ओळख पटवताना जाणकार सर्वांत आधी रेडिएटर पाहतो. इथे नेमके तेच नाही.

चाक वाकडे का दिसते, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण त्यातही पुरावा दडलेला आहे. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत काचेच्या प्लेटसमोर कापडी पडदा असे आणि पडद्याला आडवी फट. बटन दाबले की फट वरून खाली सरके आणि प्लेटचा एकेक पट्टा प्रकाशात येई. म्हणजे संपूर्ण चित्र एकाच क्षणाचे नसे. त्यातच भिंग प्रतिमा उलटी पाडते. जमीन प्लेटच्या वरच्या टोकाला, आकाश खालच्या टोकाला. त्यामुळे चाकाचा जमिनीलगतचा भाग आधी टिपला गेला आणि माथा किंचित नंतर. तेवढ्या अवधीत मोटार पुढे सरकली होती. माथा पुढे नोंदला गेला आणि चाक झुकले.

प्रेक्षक मागे कलले त्याचे कारण वेगळे. लार्तीग मोटारीच्या दिशेने कॅमेरा फिरवत होता. फिरत्या कॅमेऱ्याला उभी माणसे मागे पडताना दिसतात, म्हणून त्यांचे पाय आधी एका जागी आणि डोकी नंतर जरा मागे नोंदली गेली. दोन्ही कल एकत्र पाहिले तर एक गोष्ट निश्चित होते : कॅमेरा मोटारीच्या दिशेने फिरत होता, पण मोटारीइतका वेगाने नव्हे. तो मागे पडला आणि म्हणूनच मोटारीचे नाक चौकटीबाहेर गेले. आज मोबाइलने फिरत्या पंख्याचे छायाचित्र घेतले की पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात, त्यामागेही ओळीओळीने प्रतिमा टिपण्याचा हाच प्रकार असतो.

लार्तीगला हे छायाचित्र बराच काळ फसलेलेच वाटत होते. जगाने मात्र त्यात वेगाचे मूर्तरूप पाहिले. सिनेमातल्या धावत्या गाड्या आणि व्यंगचित्रांतल्या पुढे झुकलेल्या मोटारी पाहिलेल्या डोळ्यांना ते अगदी ‘बरोबर’ वाटले.

त्याखाली छापला जाणारा मजकूर असा : फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबची ग्रां प्री, द्येप, २६ जून १९१२, मोटार डेलाज. लार्तीगच्या हयातीत हीच ओळख रूढ होती. तारीख इतकी नेमकी की शंका घ्यायला कोणी धजावू नये. इतिहासात नेमकेपणाचा हा धाक फार मोठा असतो. ‘सुमारे १९१२’ असे लिहिले असते तर कदाचित कोणीतरी लवकर तपासले असते.

तपासायला सुरुवात केली की पहिल्याच पायरीवर मजकूर ढासळतो. २५ आणि २६ जून १९१२ रोजी द्येप येथे खरोखरच ग्रां प्री झाली होती. सुमारे ७७ किलोमीटरच्या मार्गावर दोन दिवसांत २० फेऱ्या, एकूण दीड हजार किलोमीटरांहून अधिक. जॉर्ज ब्वायो प्यूजोवर जिंकला. फियाट होती, लोरेन-दीत्रिश होती, छोट्या मोटारींच्या गटात सनबीम होती. डेलाज नव्हती. या कारखान्याने १९११ मध्ये बुलोन्य येथे हलक्या मोटारींची शर्यत जिंकली, १९१२ ची ग्रां प्री सोडली आणि १९१३ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. म्हणजे मजकुरातली दोन विधानेच एकमेकांशी भांडत होती. १९१२ खरे मानले तर डेलाज खोटी ठरते; डेलाज खरी मानायची तर साल बदलावे लागते.

मग साल बदलून पाहावे. १९१३ ची ग्रां प्री १२ जुलै रोजी आमियाँ शहराजवळ झाली. मार्ग सुमारे ३१.६ किलोमीटरांचा, फेऱ्या २९, एकूण अंतर सुमारे ९१७ किलोमीटर. त्या वर्षीचा नियम मोठा शहाणपणाचा होता : दर १०० किलोमीटरला २० लिटरच इंधन. नुसत्या अवाढव्य इंजिनांची मक्तेदारी त्यामुळे मोडली. पहिला पुन्हा ब्वायो, दुसरा त्याचाच सहकारी ज्यूल गू, तिसरा सनबीमवरचा शासान्य. चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर बाब्लो आणि गुयो, दोघेही डेलाजवर. डेलाज तर मिळाली! पण आकडा जुळत नाही. आमियाँला ६ क्रमांकाची मोटार डेलाजची नव्हतीच. ती होती श्नायडर कंपनीची. चालक रने क्रोके, शेजारी मेकॅनिक दिदिए.

इथे तरुण अभ्यासकांची हमखास एक चूक होते. छायाचित्रात आकडा दिसला की तो घेऊन ते थेट यादीकडे धावतात. पण शर्यतीचा क्रमांक हा मोटारीचा कायमचा पत्ता नव्हे. तो त्या दिवसापुरता असतो. पुढच्या शर्यतीत तोच आकडा दुसऱ्याच्या मोटारीवर रंगवला जातो. शर्यत कोणती हे ठरल्याशिवाय ६ या आकड्याला काही अर्थ नाही. उलट क्रमाने गेले, आधी आकडा मग शर्यत, तर प्रत्येक वर्षी कोणती ना कोणती सहा क्रमांकाची मोटार सापडतेच आणि हवे ते सिद्ध करता येते. प्रवेशिकांची यादी, त्या आठवड्याची वृत्तपत्रे, त्याच मोटारीची समोरून घेतलेली इतर छायाचित्रे आणि मग आकडा, असे एकमेकांवर टेकलेले पुरावे लागतात.

रंगाचा पुरावा इथे घ्यावा का? घ्यावा, पण जपून. गॉर्डन बेनेट चषकाच्या काळापासून देशोदेशीच्या मोटारींना ठरावीक रंग मिळाले होते. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, ब्रिटनचा हिरवा, पुढे इटलीचा लाल. मात्र त्या वेळच्या बहुतेक प्लेटांना निळा प्रकाश चटकन लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे निळी मोटार फिकट, पांढुरकी उमटते आणि लाल मोटार काळीकुट्ट. पांढरी दिसते म्हणून ती जर्मन, असा निष्कर्ष काढणारा तोंडघशी पडतो. आपल्याकडच्या जुन्या समूहछायाचित्रांनाही हा नियम लागू आहे. पणजोबांची काळी दिसणारी पगडी प्रत्यक्षात लालभडक असू शकते.

श्नायडर या नावाबद्दलही थोडे सांगायला हवे. तोफा आणि पोलादासाठी गाजलेले क्रझोचे श्नायडर घराणे ते हे नव्हे. थेओडोर श्नायडर याने आधी ल्याँमध्ये रोशे-श्नायडर कंपनीत भागीदारी केली आणि १९१० च्या सुमारास बेझाँसों या गावी स्वतःच्या नावाने मोटारी काढल्या. प्रांतातला मध्यम आकाराचा कारखाना. चांगल्या, टिकाऊ मोटारी; जगज्जेतेपद नाही. डेलाज पुढे १९२० च्या दशकात शर्यतींतले फार मोठे नाव झाले. चुका बहुधा अशाच वळणाने होतात. अनोळखी मोटार दिसली की मन तिला ओळखीच्या, यशस्वी नावाकडे ढकलते. सगळीच सुंदर जुनी तलवार कोण्या सेनापतीची आणि सगळाच जुना पलंग कोण्या राजाचा ठरतो, त्यातलाच हा प्रकार.

एक मोटार या कारखान्याची की त्या, याने काय बिघडते असे कोणी म्हणेल. मोटारीचे काही बिघडत नाही. पण तीत दोन माणसे बसली आहेत.

१९१३ साली शर्यतीच्या मोटारीत मेकॅनिक शेजारी बसे आणि त्याचे काम शोभेचे नव्हते. हातपंपाने इंधनाच्या टाकीत दाब राखायचा, तेलावर लक्ष ठेवायचे, टायरवर डोळा ठेवायचा, मागून कोण येते ते वळून पाहून चालकाला खुणावायचे, आणि टायर फुटला की उडी टाकून कामाला लागायचे. सीटबेल्ट नाही, शिरस्त्राण नाही, डोक्यावर फार तर कापडी टोपी. ग्रां प्रीच्या तीन-साडेतीन आठवडे आधी प्यूजोचा चालक पाओलो झुकारेली चाचणीच्या वेळी एका गाडीवर आदळून ठार झाला, त्याचा मेकॅनिकही त्याच्याबरोबर गेला. प्रत्यक्ष शर्यतीत गुयोच्या मेकॅनिकने टायर बदलायच्या घाईत मोटार थांबण्यापूर्वीच उडी मारली आणि तो स्वतःच्याच मोटारीखाली सापडला. गुयोने त्याला उचलून मोटारीत घातले आणि मदत मिळेल तिथवर मोटार हाकत नेली. त्यात त्याची अव्वल जागा गेली. निकालपत्रात ‘पाचवा’ एवढेच उरले.

क्रोके आणि दिदिए पहिल्या पाचांतही नव्हते. त्यांच्या वाट्याला विजयमाला आली नाही. आले ते शतकातले एक अजरामर छायाचित्र, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. ब्वायो १९१६ मध्ये महायुद्धातल्या हवाई लढाईत पडला तेव्हा फ्रान्स हळहळले. या दोघांची नावे मात्र ज्या चौकटीत ते प्रत्यक्ष बसलेले दिसतात तिच्याखालीही कित्येक वर्षे नव्हती.

ही पद्धत घेऊन आता महाराष्ट्राकडे वळावे. इथे शर्यतीची म्हणून सांगितलेली मोटार हाती आली तर पहिला प्रश्न असा : ती धावली कुठे? १९१० च्या आगेमागे इथे ग्रां प्रीसारखे मार्ग नव्हते. होत्या त्या टिकाऊपणाच्या परीक्षा. मोटार किती वेगाने जाते यापेक्षा ती न थांबता, न मोडता घाट चढते की नाही, हे त्यांत पाहत. वेस्टर्न इंडिया मोटर युनियनची १९०८ ची मुंबई–कोल्हापूर परीक्षा त्यांतली गाजलेली. सुमारे ६२० मैलांची वाट आणि सहा घाट. तीत रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ४०/५० अश्वशक्तीची मोटार उतरली, तिने नाव कमावले आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. म्हणजे ही मोटार ज्या छायाचित्रात आहे ते कोल्हापूरच्या वाटेवरचे असू शकते किंवा ग्वाल्हेरचेही. मोटार तीच, काळ आणि मालक वेगळे. एवढ्या एका उदाहरणावरून मोटार ओळखणे आणि छायाचित्र ओळखणे ही दोन कामे कशी निराळी आहेत ते ध्यानात येते.

महालाचा प्रश्न त्याहून वेगळा आणि अधिक रंजक आहे. कोल्हापूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर इथे संस्थाने होती, म्हणून राजवाड्यांचे मोटारखाने होते, दप्तरे होती, खरेदीच्या नोंदी होत्या. नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले. कार्ल बेन्झने मोटारीचे पेटंट घेतले ते १८८६ मध्ये. मोटार जन्मण्याच्या तीस वर्षे आधीच महालातली गादी सत्तेविना उरली होती. त्यामुळे महालाच्या पार्श्वभूमीवर जुनी मोटार दिसली की ‘राजेसाहेबांची’ असे लिहून मोकळे होण्यापूर्वी इतर दारे ठोठवावी लागतात. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी; साहेबांचे बंगले सिव्हिल लाइन्समध्ये. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू, आणि मुंबईत अगदी पहिल्यांदा ज्यांनी मोटार घेतली त्यांत जमशेटजींचे नाव घेतले जाते. शिवाय मालगुजार, वकील, कापसाचे व्यापारी. रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोहोचली होती, तेव्हा मुंबई बंदरात उतरलेली मोटार इथवर येणे मुळीच अवघड नव्हते.

मग छायाचित्र भिंगाखाली धरावे. आधी एक क्षुल्लक वाटणारी शंका फेडावी : मोटार खरी आहे का? जत्रेतल्या आणि पेठेतल्या स्टुडिओंत रंगवलेल्या फळ्यांच्या मोटारी आणि विमाने असत. त्यांत बसून कितीतरी घरांनी हौसेने छायाचित्रे काढून घेतली आहेत. चाकाखाली सावली नसेल, धूळ नसेल आणि मागे कारंजे रंगवलेले असेल तर शोध तिथेच संपला.

मोटार खरी असेल तर दिवे पाहावेत. मोठे पितळी, नळी जोडलेले, म्हणजे कार्बाइडच्या वायूवर जळणारे. विजेचे दिवे पहिल्या महायुद्धाच्या आसपास सर्रास होत गेले. चाके लाकडी आऱ्यांची की तारांची? मागच्या चाकाकडे साखळी जाते का? जात असेल तर काळ बहुधा १९१० च्या आधीचा किंवा फार थोडा नंतरचा. पुढच्या चाकांना ब्रेक दिसले तर मोटार १९२० च्या दशकात ओढावी लागते. रेडिएटर चकचकीत पितळी आणि मोटार फोर्डची टी असेल तर ती १९१६ पर्यंतची. बॉनेट पुढे उतरते आणि रेडिएटर इंजिनामागे दडलेला असेल तर रेनोची आठवण व्हावी. नंबरप्लेट दिसली तर उत्तम. मोटारींसाठीचा अखिल भारतीय कायदा १९१४ चा आहे.

बहुतेक वेळा या तपासणीअंती ‘रेसची मोटार’ निघते ती दारे आणि मडगार्ड उतरवलेली साधी फोर्ड. हौशी तरुणांनी भार हलका करून तिला वेगवान रूप दिलेले असते. घरच्यांची थोडी निराशा होते, पण तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ असते : अमेरिकेत बनलेली स्वस्त मोटार विदर्भात कशी आली, कोणी सोलून काढली, कोणत्या रस्त्यावर पळवली. मागे जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधीगेट, ओळखू येत असेल तर मोटारीपेक्षा कमान अधिक बोलते. तिच्या लगतची दुकाने, पाट्या, तारा, खांब यांची त्याच जागेच्या तारीख माहीत असलेल्या इतर छायाचित्रांशी तुलना केली की अलीकडची आणि पलीकडची सीमा आखता येते.

आणि शेवटी माणसे. अशा छायाचित्रांत मागच्या आसनावर बसलेल्यांची नावे घरात कोणाला तरी पाठ असतात. बॉनेटपाशी हात पुसत उभा असलेला, खाकी सदऱ्यातला, नजर कॅमेऱ्याऐवजी इंजिनाकडे लागलेला एक जण असतो. त्याचे नाव पाठीवर नसते. वाड्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हे छायाचित्र दाखवायचे असेल तर मालकाबद्दल विचारण्याआधी याच्याबद्दल विचारावे. मालकाचे नाव सातबाऱ्यावर, खरेदीखतावर, कुठेतरी सापडेलच.

लार्तीगच्या त्या छायाचित्राखाली आता अनेक ठिकाणी आमियाँ, १९१३, क्रोके आणि दिदिए असे लिहिलेले आढळते. जुनी पुस्तके मात्र कोणी परत बोलावलेली नाहीत. त्यांत, आणि त्यांवरून उतरवलेल्या असंख्य प्रतींत, ती मोटार अजूनही द्येपच्या रस्त्यावर डेलाज म्हणून धावते आहे.